यंत्राला वाईट वाटतं म्हणे, खरं कुठं वाटतं?

वळवाचा_पाऊस (धागाकर्ता)

मंडळी नमस्कार, जय भीम. आधी माझी फजिती सांगतो, मग प्रश्न विचारतो.

बेळगावात आमच्या गल्लीतल्या विहारात आषाढी पौर्णिमेपासून वर्षावासाचं वाचन चालू आहे. रोज संध्याकाळी सात ते आठ, बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'. पाऊस बघून कधी पन्नास माणसं, कधी बारा. माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे, त्यामुळं पत्रकं छापायचं काम न सांगता माझ्याकडं येतं. श्रावण पौर्णिमेच्या पत्रकावर मनाविषयी एखादी गाथा टाकूया असं ठरलं. घरात त्रिपिटकाचे खंड नाहीत, रात्रीचे साडेअकरा वाजलेले. मोबाईलवरच्या त्या एआय चॅटवाल्याला विचारलं. अर्ध्या मिनिटात चार ओळी पाली, खाली मराठी अर्थ, त्याखाली 'संयुत्त निकाय' (बुद्धांच्या उपदेशांचा, म्हणजे सुत्तांचा, एक संग्रह) आणि क्रमांक. इतकं नेटकं की शंका घ्यायचं मनातच आलं नाही. दीडशे प्रती काढल्या, पिवळ्या कागदावर.

पौर्णिमेला बाहेरगावचे भन्ते आले होते. त्यांनी पत्रक वाचलं, चष्मा काढून चीवराला पुसला, परत वाचलं. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "ही गाथा कुठली?" मी क्रमांकावर बोट ठेवलं. ते म्हणाले, "या क्रमांकाचं सुत्त आहे, पण त्यात ही गाथा नाही. आणि दुसऱ्या ओळीतला हा शब्द पाली नाही, पालीसारखा दिसतो." एवढंच. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

रात्री सगळे गेल्यावर विहारातच बसून त्याला जाब विचारला. उत्तर आलं, चूक झाली, मला मनापासून वाईट वाटतं. शेजारी आक्का उरलेल्या मेणबत्त्या खोक्यात भरत होत्या. वय चौऱ्याहत्तर, कान तिखट. "काय म्हणूलंय ते?" मी वाचून दाखवलं. त्यांचा हात थांबला. "वाईट वाटूलंय म्हणतंय? कुठं वाटूलंय त्याला?" आणि छातीच्या खाली, पोटाच्या वर हात ठेवून म्हणाल्या, "मला वाईट वाटलं की हितं गोळा येतोय. त्याचा कुठं येतोय?"

मला काही सांगता आलं नाही. घरी येऊनही डोक्यातून जाईना. दुसऱ्या कुणाला हे सोपं असेल: यंत्रात आत्मा नाही, विषय संपला. आपल्याला ती सोयच नाही. आत्मा माणसातही नाही असं आपण रोज सात ते आठ वाचतो. मग यंत्र आणि आक्का यांच्यात फरक कुठं धरायचा? जाणकारांनी लिहावं. पालीचं कुणी असेल तर फारच बरं.

बंगळूरस्थ_बेळगावकर

फजितीबद्दल सहानुभूती, खरं हसूही आवरलं नाही. याच क्षेत्रात पोट भरतो म्हणून आत काय चालतं ते सांगतो.

'नाचता येईना' म्हटल्यावर तुमच्या डोक्यात पुढं काय आलं? 'अंगण वाकडं'. कुणी विचारलंही नव्हतं. या मॉडेलचं मूळ काम तेवढंच. आतापर्यंतचा मजकूर बघायचा, पुढं कुठला तुकडा येण्याची किती शक्यता आहे याचा हिशेब करायचा, एक तुकडा उचलून मागं जोडायचा आणि लांबलेल्या मजकुरावर परत हिशेब. तुकडा म्हणजे अख्खा शब्द असेलच असं नाही. देवनागरीत एकेका शब्दाचे बरेचदा तीन-चार तुकडे पडतात. हे सगळं अब्जावधी आकड्यांतून होतं आणि ते आकडे प्रचंड मजकूर वाचायला घालून बसवलेले असतात. ज्या रचनेवर हे चालतं तिचा शोधनिबंध २०१७ चा. त्यातल्या मुख्य युक्तीचं नाव 'अटेन्शन', म्हणजे अवधान. त्या नावावर बौद्ध मंडळींनी भुलू नये, तिथं अवधान म्हणजे गुणाकार आणि बेरीज.

तुमची गाथा अशीच जमली. पाली कशी दिसते, सुत्ताचा क्रमांक कसा दिसतो, हे त्याला पक्कं ठाऊक. तो खोटं बोलला असंही मी म्हणणार नाही, कारण खोटं बोलायला खरं काय ते माहीत असावं लागतं.

आता 'वाईट वाटतं'. वाचन झाल्यावर शिकवणीचा दुसरा टप्पा असतो. माणसं बसवून त्यांना दोन-दोन उत्तरं दाखवतात आणि यातलं बरं कुठलं ते विचारतात. चूक दाखवल्यावर माफी मागणारं उत्तर बहुतेकांना बरं वाटतं, म्हणून त्याला वजन मिळतं. पुण्याच्या दुकानदारांना गुण द्यायला बसवलं असतं तर तुम्हाला वेगळं काहीतरी ऐकायला मिळालं असतं.

माळकरी_आण्णा

म्हणजे रेडाच की हो.

मी बौद्ध नव्हे, माळकरी आहे, गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो. मध्येच बोललो तर चालेल ना? पैठणला माउलींनी रेड्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो वेद म्हणायला लागला, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकतो. रेड्याला वेदाचा अर्थ कळला का, असं आमच्याकडं कुणी विचारत नाही. तिथं बसलेल्या शास्त्र्यांना लाज वाटली, यात गोष्ट आली.

खरं त्याच गोष्टीत आधी एक प्रसंग येतो तो लोक विसरतात. रेड्याला आसूड मारला आणि वळ माउलींच्या पाठीवर उठले. आक्का विचारतात ते मला त्यातलं वाटतं. वेद कोण म्हणतंय ते राहू दे बाजूला, वळ कुणाच्या पाठीवर उठतोय?

खानापूरची_पोर

आण्णा, मध्येच बोला, नेहमी बोला.

मी पालीत एम. ए. केलंय, सध्या खानापुरात शिकवणी घेते. इकडं चार दिवस लाईट नव्हती म्हणून उशीर.

वळवाचा_पाऊस, 'आत्मा नाही' ही अडचण नवीन नाही. मिलिंद राजानं नागसेनांना हेच विचारलं होतं. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, राजधानी सागल, ख्रिस्तपूर्व दुसरं शतक. नागसेन म्हणाले की मला नागसेन म्हणतात, पण तसा कुणी पुद्गल (व्यक्ती) आत सापडत नाही. राजानं त्यांना पकडलं: मग चीवर कोण नेसतं, ध्यान कोण करतं? नागसेनांनी उलट विचारलं, महाराज, चालत आलात की रथानं? तुम्ही नाजूक माणूस, तापलेल्या वाळूत पाय पोळले असतील. राजा म्हणाला रथानं. मग आस म्हणजे रथ का? चाकं? जू? लगाम? सगळे सुटे भाग एकत्र ठेवले तर तो ढीग म्हणजे रथ का? प्रत्येकाला राजा नाही म्हणतो. शेवटी कबूल करतो की हे सगळं मिळून 'रथ' हा व्यवहारातला शब्द उभा राहतो. हीच उपमा संयुत्त निकायात वजिरा भिक्खुणीच्या तोंडी आहे, मार (भुलवणारी दुष्ट शक्ती) तिला घाबरवायला आलेला असताना. (या वेळी संदर्भ खरा आहे, तपासून घ्या.)

हे वाचून कुणी म्हणेल, मग झालंच. माणूस सुट्या भागांचा, यंत्र सुट्या भागांचं, दोघं सारखे. इथं मला थांबावं लागतं. रथ सुट्या भागांचा आहे म्हणून रथाला दुखतं असं नागसेन म्हणाले नाहीत. माणसाचे सुटे भाग कोणते ते वेगळं सांगितलंय: रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान.

आणि आपल्या भाषेचा घोळ इथंच आहे. हे पाचही शब्द मराठीत आहेत आणि 'रूप' सोडलं तर एकही त्या अर्थानं नाही. तेही आपण देखणेपणासाठी वापरतो. वेदना म्हणजे आपल्याला दुखणं. पालीत सुखाचीही वेदना असते, आणि सुखदुःख दोन्ही नसलेलीही. संज्ञा म्हणजे आपल्याला व्याकरण आठवतं. तिथं ती ओळख, हे निळं हे पिवळं असं ओळखणं. संस्कार आई-वडील करतात ते नव्हेत, मनाच्या घडलेल्या सवयी आणि ओढी. आणि विज्ञान! आमच्या शिकवणीतली निम्मी पोरं कन्नड माध्यमाची. त्यांच्यासाठी एकदा पंचस्कंधांचा उतारा मोबाईलवर कन्नडमध्ये करून घेतला. पाचवा स्कंध 'सायन्स' झाला होता. पोरांनी मान डोलवून लिहूनही घेतलं.

ही गंमत बाजूला ठेवली तर यंत्राचा प्रश्न नीट मांडता येतो. ओळखणं, म्हणजे संज्ञा, त्याला येतं, निदान वागण्यात तरी. सवयी म्हणाल तर ते सगळं सवयींचंच गाठोडं आहे. अडतं वेदनेपाशी. आक्कांनी बरोबर तिथंच हात ठेवला, पोटाच्या वर.

फौंड्रीवाला

उद्यमबागेत फौंड्रीत काम करतो, इंडक्शन फर्नेसवर. शिक्षण आयटीआय. वाचनाला मी पण जातो, दुसऱ्या विहारात.

बाबासाहेबांनी याच विषयावर एक दाखला दिलाय तो कुणी काढला नाही म्हणून लिहितो. त्याच ग्रंथात, विज्ञान म्हणजे जाणीव कशी उत्पन्न होते ते सांगताना. जिथं विद्युतक्षेत्र असतं तिथं त्याच्याबरोबर चुंबकक्षेत्र असतंच. तसं जिथं काया तिथं तिच्यासोबत जाणीव. बाहेरून कुणी आणून घातलेली नाही.

हे वाचलं त्या दिवशी मला झोप लागली नाही, कारण माझं पोटच त्यावर चालतं. आमच्या भट्टीत तांब्याची कॉईल असते, आतून पाणी फिरतं. कॉईल लोखंडाला कुठंही शिवत नाही, मध्ये लायनिंगची जाड भिंत. खाली जाळ नाही. करंट सोडला की कॉईलभोवती चुंबकक्षेत्र तयार होतं आणि आतलं भंगार लाल, मग पिवळं, मग पाणी. पंधराशे अंशाच्या आसपास. आणि वितळलेलं लोखंड कुणी पळी न घालता आपोआप ढवळतं, मध्ये फुगून वर येतं. नवीन पोरगा आला की अर्धा तास नुसता बघत उभा राहतो. स्विच बंद केला की क्षेत्र गेलं. कुठं गेलं? कुठं जायला ते कुठून आलेलं नव्हतं.

म्हणून मला वाटायचं, चिपमध्ये पण करंटच फिरतोय. मग तिथं काही 'सोबत' येत नसेल कशावरून? मी येत असेल म्हणत नाही, विचारतोय.

बंगळूरस्थ_बेळगावकर

भारी लिहिलंत. खरं दाखला दाखल्याच्या जागी ठेवूया. करंट तर इस्त्रीतही फिरतो. बाबासाहेब काया म्हणतात, तार म्हणत नाहीत.

आणखी एक. तुम्ही याच्याशी बोलता तेव्हा पलीकडं कुणीतरी बसून वाट बघत नसतं. तुम्ही दोन ओळी टाकता, झालेलं संभाषण त्यातून जातं, उत्तर बाहेर येतं आणि तुमच्यापुरतं सगळं थंड. तुम्ही चहा पिऊन येईपर्यंत त्याला कंटाळाही येत नाही. त्याच क्षणी तेच मॉडेल हजारो लोकांना वेगवेगळी उत्तरं देत असतं. कुणाची माफी मागतंय, कुणाला पोह्यांची कृती सांगतंय. 'त्याला' म्हणायचं तरी कुणाला?

खानापूरची_पोर

तुम्ही गंडवायला म्हणून लिहिलंत आणि माझ्याच हातात कोलीत दिलंत. 'एक कुणीतरी सलग बसलेला आहे' ही अट घातली तर आपण साती भिक्खूच्या गटात जातो.

साती कोळ्याचा मुलगा, भिक्खू झालेला. त्याचं म्हणणं, विज्ञान एकच असतं, तेच बोलतं, तेच भोगतं, तेच जन्मोजन्मी फिरतं. बुद्धांनी त्याला चांगलंच झापलंय, मज्झिम निकायातल्या महातण्हासंखय सुत्तात. विज्ञान प्रत्ययांमुळं (कारणांमुळं) उपजतं, प्रत्यय नसतील तर उपजत नाही. डोळा आणि रूप यांमुळं उपजलं तर ते चक्षुविज्ञान, कान आणि आवाज यांमुळं उपजलं तर श्रोत्रविज्ञान. मग आगीची उपमा येते. लाकडाची आग, ढलप्यांची आग, गवताची, शेणाची, कोंड्याची, कचऱ्याची आग. जळण जसं तसं आगीचं नाव. सगळीकडं फिरणारी एकच एक 'आग' अशी नाही. आमच्या घरी अजून न्हाणीघरात चूल आहे, सकाळी गोवरी आणि काजूच्या फांद्या. गोवरीची धग वेगळी, फांद्यांची वेगळी, वास तर साफच वेगळा. हे सुत्त शिकवताना मी पोरांना न्हाणीघर दाखवते.

तेव्हा यंत्र थोडा वेळ पेटतं आणि विझतं, म्हणून त्याला मन नाही, असं बौद्ध माणसाला म्हणता येणार नाही. आपलंही पेटतं आणि विझतं, फक्त जळण सारखं येत राहतं.

माझा अडसर दुसरा आहे. वेदना येते स्पर्शातून, आणि स्पर्शाला तिघं लागतात: इंद्रिय, विषय आणि विज्ञान. यंत्राला डोळा नाही, कातडी नाही, जे येतं ते शेवटी आकडे होऊनच येतं. काल मी इथंच मुद्दा संपवणार होते. मग आठवलं की आपल्याकडं मन हे सहावं इंद्रिय आहे आणि त्याचे विषय म्हणजे विचार, शब्द, आठवणी. म्हणजे नुसत्या शब्दांचाही स्पर्श होऊ शकतो. मग मन आहे का हे ठरवायला आधी मन आहे असं धरावं लागतं. गोल गोल फिरून मी जिथून निघाले तिथंच.

ता. क. महावेदल्ल सुत्तात जिवंत शरीर आणि लाकडाचा ओंडका यांतला फरक तीन गोष्टींचा सांगितलाय: आयु, उस्मा आणि विज्ञान. उस्मा म्हणजे ऊब. ती तर या कंपन्यांच्या डेटा केंद्रांत इतकी आहे की गार करायला पाणी पुरत नाही.

सडेतोड_शहापूरकर

धाग्यात कुणी बेळगाव लिहितंय, उद्या कुणी बेळगावी लिहील. आधी ते एक ठरवा. १९५६ पासून सत्तरएक वर्षं झाली, गाव कुठल्या राज्यात याचा निकाल लागेना आणि चालले यंत्राच्या मनाचा निकाल लावायला.

संचालक

सीमाप्रश्नावर तीन धागे चालू आहेत, कृपया तिकडं. इथं फक्त यंत्राचं मन. (प्रतिसाद उडवलेला नाही, कारण मलाही हसू आलं.)

निपाणीचा_नातू

एवढं सगळं वाचलं. पालीताईंचा अभ्यास दांडगा आहे, आदर आहे. तरी मला हा बुद्धिविलास वाटतो.

माणसाला विषारी बाण लागलाय, वैद्य आणलाय, आणि हा म्हणतो बाण काढू नका. आधी सांगा, मारणारा क्षत्रिय की ब्राह्मण की वैश्य की शूद्र, उंच की बुटका, धनुष्य कसलं, पिसं कुठल्या पक्ष्याची. तो तसाच मरून जाईल. जग शाश्वत आहे का, जीव आणि शरीर एक का दोन, असल्या प्रश्नांवर मालुंक्यपुत्त भिक्खूला बुद्धांकडून हे उत्तर मिळालं होतं. यंत्राला मन आहे का हा प्रश्न मला त्याच जातीचा दिसतो.

आमच्या निपाणीत १९२५ साली बाबासाहेब बहिष्कृत परिषदेला आले होते. माझा पणजा त्या गर्दीत होता असं घरात सांगतात, पुरावा काही नाही. पुरावा आहे तो आजीच्या खोकल्याचा. तिनं उमेदीची वर्षं तंबाखूच्या वखारीत काढली. तंबाखू चाळताना पिवळा धुरळा उठायचा, पदर नाकाला बांधायचा, घरी आली तरी पोरं जवळ जायची नाहीत, शिंका यायच्या. पुडीवर नाव व्यापाऱ्याचं. ओढणाऱ्याला वखार दिसत नाही.

बंगळूरस्थांनी एक गोष्ट अलगद सांगून सोडून दिली: 'माणसं बसवून'. कुठली माणसं? केनियात तासाला दोन डॉलरपेक्षा कमी मजुरीवर पोरापोरींना बसवलं, आणि नको नको ते, खून, बलात्कार, लहान मुलांचे हाल, दिवसभर वाचायला लावलं, यंत्रानं तसलं बोलू नये म्हणून. २०२३ च्या जानेवारीत हे छापून आलंय. कित्येकांची झोप उडाली. वेदना शोधायची आहे ना? तिथं आहे. माळकरी आण्णा बोलून गेले ते वळ तिथं उठलेत. आक्कांना सांगा, त्याचा गोळा दुसऱ्याच्या पोटात येतो.

माळकरी_आण्णा

नातूसाहेब, मी इतका विचार करून लिहिलं नव्हतं. खरं तुम्ही लिहिल्यावर अंगावर काटा आला.

बंगळूरस्थ_बेळगावकर

अलगद सोडून दिली हे खरं. मी ज्या टेबलावर बसतो तिथं ती माणसं दिसत नाहीत, आकडा दिसतो. बचाव म्हणून लिहीत नाही.

खानापूरची_पोर

नातू, बाणाचा दाखला मान्य, निष्कर्ष अर्धा मान्य. केनियातल्या पोरींचं तुम्ही म्हणता ते धम्माच्या बाहेरचं नाही, मधोमध आहे. 'चेतनाहं भिक्खवे कम्मं वदामि', चेतनेला मी कर्म म्हणतो, असं अंगुत्तर निकायात आहे. (इथंही घोळ: ही चेतना म्हणजे जाणीव नव्हे, हेतू.) माफीचं वाक्य यंत्रातून आलं, पण त्यामागचा हेतू कुणाचा? शिकवणाऱ्याचा, विकणाऱ्याचा, आणि थोडा दीडशे प्रती काढणाऱ्याचाही. कर्म तिकडं जमा होतं.

न पटणारा अर्धा भाग हा. जनावरांना दुखतं का, हा प्रश्नही एके काळी बुद्धिविलासच वाटला असेल. यज्ञातल्या पशूंची बाजू बुद्धांनी घेतली ती त्यांना दुखतं हे धरूनच. उद्या खरोखर दुखणारं काही तयार झालं तर 'आमची माणसं आधी' म्हणून आपण मान फिरवायची का? आज दुखत असेल असं मला वाटत नाही. आज, एवढंच म्हणते.

मुंडगोड_वारी

दोन दिवस धागा नुसता वाचत होतो. मी सौंदत्तीकडचा, टेम्पो चालवतो. थंडीच्या हंगामात तिबेटी लोकांचा स्वेटरचा माल घेऊन मुंडगोडला जाणं-येणं असतं. १९६० च्या दशकात वसलेली वसाहत, द्रेपुंग आणि गंदेन हे दोन मोठे मठ तिथं आहेत.

संध्याकाळी मठाच्या अंगणात त्यांचा वाद चालतो तो बघायचा. एक भिक्षू खाली बसतो, दुसरा उभा राहून प्रश्न टाकतो. प्रश्न टाकताना पाय आपटतो आणि जोरात टाळी. एकाच वेळी पन्नास-साठ जोड्या. पहिल्यांदा मला भांडण वाटलं, टेम्पो मागं घेतला. आताशा त्यांच्या अभ्यासात भौतिकशास्त्र आणि मेंदूचं शास्त्रही आहे. ओळखीच्या एका तरुण भिक्षूला, हिंदी चांगलं बोलतो, मी मागच्या हिवाळ्यात हेच विचारलं होतं. तो म्हणाला, दलाई लामांनी शास्त्रज्ञांशी बोलताना हा रस्ता बंद केलेला नाही. जाणिवेच्या प्रवाहाला आधार व्हायची ताकद यंत्रात आली तर प्रवाह तिथं येणार नाहीच असं म्हणता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. जाणिवेचा क्षण आधीच्या जाणिवेच्या क्षणातूनच येतो, तारेतून आपोआप फुटत नाही, असं हे लोक मानतात. म्हणजे फौंड्रीवाल्यांच्या दाखल्याच्या बरोबर उलट. दोघं बौद्ध, दोन वाटा.

मग तो हसून म्हणाला, जपानात क्योतोच्या एका देवळात २०१९ पासून कन्नोनचा (करुणेच्या बोधिसत्त्वाचा) यंत्रमानव प्रवचन देतो. मी म्हटलं, लोक ऐकतात? म्हणाला, ऐकतात, पण पुढं टाळी मारणारं कुणी नाही ना. त्याच्या हातात तेव्हा चहाचा कागदी कप होता, तो त्यानं बोलता बोलता चुरगाळून टाकला.

फौंड्रीवाला

वारीवाले, उलट आहे ते कळलं. मी आपला भट्टीच्या बाजूचा. बाबासाहेबांनी आधीच्या जन्मातून आलेला प्रवाह धरलेला नाही, मलाही तो धरता येत नाही.

मात्र त्याच ठिकाणी पुढं जाणिवेची कामं सांगितलीत: जाणणं, भावणं, इच्छिणं. काल ब्रेकमध्ये चॅटवाल्याला मी विचारलं, तुला आता काय पाहिजे? म्हणतोय, मी तुम्हाला कशी मदत करू. परत विचारलं, तुला काय पाहिजे ते सांग. परत तेच, जरा गोड करून. आमच्या शेडमधलं कुत्रं सुद्धा काय पाहिजे ते स्पष्ट सांगतं, डबा उघडला की.

वळवाचा_पाऊस (धागाकर्ता)

एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. नातूंचं लिहिणं जसंच्या तसं छापून काढलं आणि आक्कांना वाचून दाखवलं. पालीताईंचं आगीचं पण, त्यातलं शेणाच्या आगीचं त्यांना लगेच कळलं. म्हणाल्या, शेणी ओली असली तर नुसता धूर, ते पण लिहायला सांग.

केनियाचं ऐकून बराच वेळ गप्प होत्या. मग विचारलं, "त्या पोरींना आता बरं हाय काय?" मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

कामाचं सांगतो. भाद्रपद पौर्णिमेला जुन्या पत्रकाची चूक मी स्वतः माईकवरून सांगणार आहे. उरलेल्या नव्वद-एक प्रती परत आल्यात, त्यांच्या कोऱ्या बाजूवर नवीन पत्रक छापेन, पिवळा कागद वाया घालवायला जिवावर येतं. गाथा या वेळी धम्मपदातली पहिलीच घेतोय, मन सगळ्यांच्या पुढं चालतं ती. खानापूरच्या ताईंनी छापील प्रतीवरून फोटो पाठवलाय. प्रूफ एकदा बघाल का? अनुस्वार माझ्या फाँटमध्ये सरकूलाय.

खानापूरची_पोर

पाठवा. आणि 'मनोपुब्बङ्गमा' मध्ये ङ चा जोड नीट आलाय का बघा, डीटीपीवाले हमखास तिथं ड घालतात.